नाखलास म्हणजे सवलत

डार्मश्टाट
१ नोव्हेंबर २००९

प्रिय मयुरेश,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकला असशील आणि मग वैतागला असशील. दोन्ही चेहरे मला पाठ आहेत. ई-मेल पाठवता आली असती, पण ई-मेल तू उभ्याउभ्या वाचतोस आणि पहिल्या चार ओळींत सगळं कळल्यासारखं करतोस. म्हणून कागद. सोबत दुसराही एक कागद टाचणी लावून ठेवलाय, तो आत्ताच उलगडू नकोस. आधी हे वाच. ईश्वरी दोन वर्षांची झाली ना रे? प्रभाताईंनी फोटो पाठवला होता, कपाळ अगदी तुझं आहे. बारशाला नाव त्यांनीच ठेवलं म्हणाल्या, आत्याचा मान. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटायला दोन दिवस लागले, पण वाटलं.

बातमी एकच आहे आणि ती वाईट आहे. आपल्या बाळाची कबर काढणार आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी पानं झाडायला गेले तर त्याच्या लाकडी पाटीवर हिरवा कागद चिकटवलेला. त्या ओळीतल्या सगळ्याच पाट्यांवर होता, एकवीस मुलांची ओळ आहे ती. मुदत संपली, कार्यालयाशी संपर्क साधावा. मी साधला. इथे माती कायमची मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी मिळते, हे आपल्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मोठ्यांना पंचवीस वर्षं, एवढ्याशा मुलांना दहा. ओळीतली कबर वाढवूनही मिळत नाही, नियमच तसा आहे. जानेवारीत पाट्या उपटतील, जमीन सारखी करतील आणि वर गवत पेरतील. कार्यालयातले गृहस्थ चांगले होते. मी काही म्हटलं की या, गेनाऊ, म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणून मान हलवत होते. मी त्यांच्या टेबलावरच्या कॅक्टसकडे बघत बसले होते.

अग्नी दिला असता तर हा प्रश्नच आला नसता, हे तुझ्याही मनात येईल. पण तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं होतं की दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. तू फोन ठेवून ते मला जसंच्या तसं सांगितलंस. काय करायचं ते सांगणारं कुणीतरी आपल्याला तेव्हा हवंच होतं. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. बाराव्या दिवशी बारसं होतं. प्रभाताई फ्रांकफुर्टला उतरल्या त्या बॅगेत झबलं, कुंची आणि घुगऱ्यांचे हरभरे घेऊन. नाव आपण दोघांनी ठरवलं होतं, पण बारशाआधी ते तोंडातून काढायचं नाही असा तुझ्या आईचा दंडक, म्हणून ते कुणी उच्चारलंच नाही. त्याच्या कानात कुणी कुर्रर्र केलं नाही. पाटीवर काय आहे ते तुला माहीत आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नावाचा रकाना होता, जन्माचा दुसराच दिवस, नर्स खोळंबली होती, तू रोमन अक्षरांत 'बाळ' लिहून मोकळा झालास. आपल्याकडे पोराच्या पायाला आईच्या नावाची चिठ्ठी बांधतात, तसंच हे तात्पुरतं असेल असं तुला वाटलं. इथे तात्पुरतं काही नसतं रे. जन्माचा दाखला बाळ सबनीस, मृत्यूचा दाखला बाळ सबनीस, पाटीवर बाळ सबनीस. त्यातही त्यांच्याकडे ळ नाही, म्हणून बाल.

तू त्या दफनभूमीत दोनदा आलास. मी दर दोन दिवसांनी जायची. आणि तिथेच मला थंडपाणीबाई भेटल्या. हे नाव तुझंच बरं का. फ्राउ काल्टवासर हे आडनाव मी घरी येऊन सांगितलं, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा तुला हसू आलं. फ्राउ म्हणजे बाई, काल्ट म्हणजे थंड, वासर म्हणजे पाणी, म्हणजे थंडपाणीबाई. मग आपण दोघांनी त्यांना दुसरं काही म्हटलंच नाही. त्या भेटल्याही नळावरच. तिथल्या झाऱ्या साखळीला कुलपं घालून टांगलेल्या असतात, ज्याची त्याची झारी, ज्याचं त्याचं कुलूप. मला काय माहीत? मी ओंजळीत पाणी धरून पन्नास पावलं चालत जायची आणि पोचेपर्यंत ओंजळ रिकामी व्हायची. ऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी तीनचार दिवस हे पाहिलं, मग आपल्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्या कोटाच्या खिशात टाकली. कुणाची कबर, किती दिवसांचं मूल, काही विचारलं नाही. पुण्यात असते तर नळावरच सगळी उलटतपासणी झाली असती.

त्या पाणी घालायच्या ती कबर मुलांच्या ओळीच्या मागेच, भिंतीला लागून, जुनी, लाल दगडाची. त्यावर लिहिलंय, हेर्मिने काल्टवासर, मालेरिन, म्हणजे चित्रकार बाई. जन्म १८६४, मृत्यू १९३६. ही त्यांच्या वडिलांची बहीण. आता जर्मनमध्ये मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना मिळून टांटं हा एकच शब्द. मला तो गोंधळ सहन होईना, म्हणून मी त्यांना आत्या हा शब्द शिकवला. आत्या म्हणजे बापाची बहीण, तीच नाव ठेवते, हेही माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, माझंही नाव तिनंच ठेवलं होतं. तेव्हापासून त्या बोलताना माइनं आत्या, म्हणजे माझी आत्या, म्हणायच्या, त सोडून ट लावून, आट्या. मला इतकं हसू यायचं! दहा वर्षांत त्या जागेत मी हसले ती तेवढ्यावरच.

ही आत्या म्हणजे काय होती, ते तुला मी कधी धड सांगितलं नाही. तू प्रबंधात बुडालेला होतास आणि मी सांगायला लागले की छान म्हणायचास. आज ऐक. चामड्याच्या व्यापाऱ्याची ही मुलगी. चित्रकलेच्या सरकारी शाळांत तेव्हा बायकांना घेतच नसत, म्हणून ती खाजगी शिकवण्यांना जायची. मग हट्ट करून दोन हिवाळे पॅरिसला राहिली, तिथे त्या काळी जी नवी तऱ्हा चालली होती, उघड्यावर बसून, हलता उजेड पकडत, भराभर रंगवायचं, ती शिकून आली. आली ती इथेच, बापाच्या घरी. लग्न केलं नाही. भावाची पोरं सांभाळायची आणि दुपारी शहराबाहेरच्या कुरणात जाऊन बसायची. त्या कुरणात धोबिणी ओल्या चादरी गवतावर पसरून उन्हात पांढऱ्या करायच्या. चाळीस वर्षं तिनं तेच रंगवलं, गवतावरच्या चादरी. लोक तिला धुणंवाली म्हणायचे. सही करायची एच. काल्टवासर, भावाचं नावही हाइनरिश, तेव्हा चित्रं भावाची समजून लोक घ्यायचे आणि भावाला शाबासकी द्यायचे. भाऊही ती घ्यायचा. तिच्या हयातीत लागलेल्या एकुलत्या एका प्रदर्शनाच्या यादीत तिचं नाव श्रीयुत एच. काल्टवासर असं छापलं आणि तिनं ते दुरुस्त करायला सांगितलं नाही, कारण दुरुस्त केलं असतं तर चित्रं उतरवली असती.

मोठी कॅनव्हासं चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात शहर जळलं तेव्हा जळली. उरली ती झाकणं. भाऊ सिगार ओढायचा. त्या सिगारच्या लाकडी पेट्यांची झाकणं ती मागून घ्यायची आणि कुरणात त्यांच्यावरच रंगवायची. तळहाताहून थोडं मोठं एकेक. वारा आला की कॅनव्हास उलटतो, झाकण मांडीवर राहतं. आणि शिवाय झाकण कुणी मागत नाही, कुणी विकत घेत नाही, त्यावर कुणाला श्रीयुत लिहावंसं वाटत नाही. थंडपाणीबाईंनी ऐन युद्धात ती झाकणं कपड्यांच्या दोन टोपल्यांत भरून, वर चादरी घालून, खेड्यात नेऊन ठेवली होती. नव्वद झाकणं. मी पाहिली तेव्हा ती त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, पलंगाखाली, बुटांच्या खोक्यांत होती. कुणी तज्ज्ञ एकदा येऊन गेला होता, चहा पिऊन, बायकी हौस आहे, असं म्हणून गेला होता.

तुला आठवतं, त्या हिवाळ्यात मला रंगच कळेनासे झाले होते? तू दिवाळीचा म्हणून निळा स्वेटर आणलास आणि मी विचारलं, हा कुठला रंग? डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत. डोळे ठीकच होते. थंडपाणीबाईंनी मला दर आठवड्याला एक झाकण घरी न्यायला द्यायला सुरुवात केली, वाचनालयातून पुस्तक नेतात तसं, शुक्रवारी न्यायचं, शुक्रवारी परत. एकच काम. यातल्या पांढऱ्यात किती रंग आहेत ते मोजून यायचं आणि त्यांची जर्मन नावं सांगायची. पहिल्या आठवड्यात मी एक म्हणाले. पांढरा. त्यांनी तेच झाकण परत दिलं. तिसऱ्या आठवड्यात मला चादरीच्या दुमडीत निळा दिसला. मग जांभळा. मग गवताचा हिरवा चादरीच्या पोटात उतरलेला, आणि एका कोपऱ्यात, खरं सांगते, गुलाबी, कोवळ्या कातडीचा असतो तसा. मी स्वयंपाकघरात बसून रडले. तू आलास, विचारलंस काय झालं, मी कांदा म्हटलं. त्या बाईनं कुठेही नुसता पांढरा लावलेलाच नव्हता, मयुरेश. मी जी काही जर्मन शिकले ती अशी शिकले. बाकीची तुझ्यावर सोडून दिली होती, तू परीक्षा पास होतास, सर्टिफिकेट फ्रिजवर लावलेलं होतं.

२००२च्या जानेवारीत थंडपाणीबाई गेल्या. त्यांनी स्वतःसाठी कबर घेतली नव्हती. राख नाव न लावता हिरवळीत मिसळायची, असं लिहून ठेवलं होतं. पाणी घालायला कुणी उरणार नाही तर कशाला, असं म्हणायच्या. माझ्या वाट्याचं त्या आठवड्याचं झाकण आपल्या घरी राहिलं, ते परत द्यायला कुणी नव्हतं. मग फेब्रुवारीत ते जाड पाकीट आलं, माझ्या नावाचं. आत चार पानं, न संपणारी वाक्यं. मला त्यातला एकच शब्द जागोजाग दिसत होता, नाखलास. मी पानं हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि तुला विचारलं, नाखलास म्हणजे काय रे? तू लॅपटॉपवरून मान वर केली नाहीस. म्हणालास, सवलत. दुकानांवर लिहिलेलं नसतं का, दहा टक्के नाखलास, वीस टक्के नाखलास. मग म्हणालास, आपल्याला काही घ्यायचंय का? मी नाही म्हटलं. तू म्हणालास, मग टाक. मी ते जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टाकलं. पुढच्या महिन्यात आणखी एक आलं, तेही टाकलं. या वेळी विचारलंसुद्धा नाही, शब्द येत होता ना मला!

एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरावरून गेले. अंगणात लोखंडी डबा उभा होता, मालट्रकएवढा, आणि दोन माणसं वरच्या खिडकीतून खुर्च्या, फळ्या, गाद्या खाली टाकत होती. घर रिकामं करत होते. मी उभी राहिले. वर जाऊन विचारावं, झाकणांचं काय झालं, असं मनात आलं. मग मी स्वतःला समजावलं की म्युझियमवाल्यांनी केव्हाच नेली असतील, एवढा मोठा देश, एवढी व्यवस्थित माणसं, आणि आपण परक्या, आपण काय म्हणून विचारायचं? आणि माझं जर्मन त्या दोन माणसांसमोर उघडं पाडायची मला लाज वाटली. मी घरी आले आणि पोहे केले. हे मी तुझ्या डोक्यावर नाही घालत. हे माझं आहे.

दोन वर्षांनी, २००४च्या मार्चमध्ये, मी संध्याकाळच्या भाषावर्गाला जायला लागले होते. तू तेव्हा सोमवार ते शुक्रवार नोकरीसाठी झिंडेलफिंगेनला असायचास. एक दिवस बाईंनी दोन अर्थांचे शब्द घेतले. फळ्यावर नाखलास लिहिलं. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्गात मी हात वर केला रे, आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, सवलत. बाई म्हणाल्या, झेर गूट, फार छान, फ्राउ सबनीस, आणि दुसरा अर्थ? वर्गात कुणालाच येईना. मग त्यांनीच सांगितलं. माणूस मरताना मागे ठेवून जातो ते. वारसा. आणि आल्झो, म्हणजे बरं तर, म्हणून पुढच्या शब्दाकडे वळल्या. मी हात खाली घ्यायचा विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेले, ती पाकिटं तिथूनच आली होती. तिथल्या एका बाईंनी फाइल काढून दाखवली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांनी दोनदा कळवलं होतं, मुदत दिली होती, वाट पाहिली होती. थंडपाणीबाईंनी हातानं मृत्युपत्र लिहिलं होतं, अर्धं पानसुद्धा नाही. आत्याची सर्व झाकणं फ्राउ साधना सबनीस यांना द्यावीत, कारण त्या बघतात. एवढंच. घेणारं कुणी पुढे आलं नाही, घरमालकाला जागा हवी होती, सामान उचललं गेलं. मी विचारलं, रंगवलेल्या लाकडाचं काय करतात? त्या म्हणाल्या, जाळतात. आणि मग मला पाणी आणून दिलं.

त्या शुक्रवारी तू आलास तो पुण्याच्या नोकरीचं पत्र घेऊन. खूश होतास. मला विचारलंस, येणार ना? मी नाही म्हटलं. तू समजलास बाळासाठी, त्याला सोडून येववत नाही म्हणून, आणि तू रडलास, आणि मी तुला तसंच समजू दिलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं हे की मला तुझं तोंड बघवत नव्हतं. राग आला होता. असा राग की तुझं ताट वाढून मी स्वयंपाकघरातच बसायचे. मान वर करायला किती वेळ लागला असता रे? एवढंच मी मनात घोकत राहिले. पण बोलले नाही. बोलले असते तर तू माफी मागितली असतीस आणि मला ती द्यावी लागली असती, आणि माझी तयारी नव्हती. मग तू गेलास, मग वकिलांचे घटस्फोटाचे कागद आले. ते मात्र मी शब्दकोश शेजारी ठेवून, शब्द न् शब्द वाचले आणि मगच सही केली. राग अजून येतो. रोज येत नाही. म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला लागल्यापासून दिवस भरलेला जातो, नव्वदीच्या बायकांना आंघोळी घालता घालता रागाला फुरसत मिळत नाही.

आणखी एक सांगते आणि मग टाचणीकडे येते. मागच्या वर्षी एक संशोधक मुलगी मला शोधत आली. विस्मृतीत गेलेल्या चित्रकार बायकांवर तिचं काम चाललंय, हे एच. काल्टवासर श्रीयुत नसून श्रीमती होते हे तिनंच कागदपत्रांतून काढलं. विचारत होती, काही उरलंय का? मी माझ्याकडे राहिलेलं ते झाकण आणून दिलं. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली, चहा गार झाला. अशी नव्वद होती म्हटल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, नव्वद असती तर आख्खं प्रदर्शन झालं असतं, पुस्तक झालं असतं, या बाईचं नाव शाळेत शिकवलं असतं. एकाची फक्त तळटीप होते. कुठे गेली विचारलं, तर मी म्हटलं, जळली. तिला युद्धात वाटलं. मी तसं वाटू दिलं. या सप्टेंबरात ते झाकण एका सामूहिक प्रदर्शनात काचेखाली ठेवलं होतं, दाराजवळच्या कोपऱ्यात. मी चार दिवस जाऊन उभी राहिले. लोक ओव्हरकोट काढता काढता एकदा बघायचे आणि पुढे जायचे. खाली चिठ्ठी होती. गवतावरील धुणे, १८९८च्या सुमारास, सिगारपेटीच्या झाकणावर तैलरंग, हेर्मिने काल्टवासर यांचा नाखलास. हो, तोच शब्द. छापील.

आता टाचणी काढ. बाळाच्या पाटीवर हिरवा कागद लागला त्याच दिवशी आत्याच्या लाल दगडावरही लागला, थंडपाणीबाईंनी पैसे भरून ठेवलेली मुदत यंदाच संपते. तो दगड फोडून रस्त्याच्या खडीत घालतात म्हणे. पण जुनी कबर कुणी दत्तक घेऊ शकतं, निगा राखायची आणि बदल्यात तिथे स्वतःची जागा मिळते, असा इथे नियम आहे. मी घेतलीय. एक जागा माझी. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. आणि कार्यालयातल्या त्या गृहस्थांना मी विचारलं की त्याला ओळीतून काढून तिथे ठेवता येईल का. ते म्हणाले, दहा वर्षांनी हाताला फारसं काही लागणार नाही, कदाचित नुसती माती. मी म्हटलं, माती चालेल. त्यासाठी आईबापांची दोघांची सही लागते, पंधरा डिसेंबरच्या आत, नाहीतर जानेवारीत गवत. म्हणून हे पत्र. टाचलेला कागद म्हणजे तो फॉर्म, त्यावर वर मोठा शब्द आहे, उमबेटुंग. मी तो तीन शब्दकोशांत बघितला, तुझे कष्ट वाचावेत म्हणून. अंथरूण बदलणं. त्याला एक आत्या मिळेल रे, कुणाची का असेना. तुझ्या घरात हे कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, ते तू ठरव. माफी मागू नकोस, मला सही हवी आहे. आणि एक. दाखल्यांवरचं आता बदलत नाही, पण दगडावर काय कोरायचं ते आईबाप लिहून देऊ शकतात. ओजस हे नाव आजवर कुणी उच्चारलं नाही, कागदावरही मी ते आत्ता पहिल्यांदाच लिहिलंय. फॉर्मवर मी माझी सही केली, तारीख घातली, सगळं भरलं. दुसऱ्या पानावर खाली नावाचा रकाना आहे, तो तेवढा रिकामा ठेवलाय. लॅपटॉप बंद कर, पेन घे, आणि या वेळी नीट बघून लिही.

तुझीच (हात सवयीनं लिहून गेला, आता खोडत नाही),
साधना